एका सिनेमावरचा निषेधाचा ठराव

आमच्या मंडळात सिनेमा संपला की दिवे लावायचे, खिडक्या उघडायच्या आणि सिनेमावर ठराव मांडायचा. हे मी गमतीने सांगत नाही. एकाने ठराव मांडायचा, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, मग बाजूने आणि विरोधात भाषणं, आणि शेवटी हात वर. अमुक चित्रपटाचं हे मंडळ स्वागत करते. तमुक चित्रपटातल्या स्त्रीच्या चित्रणाबद्दल हे मंडळ तीव्र नापसंती व्यक्त करते. एका सिनेमातल्या अनाथ मुलाला शाळेत प्रवेश मिळालाच पाहिजे, असा ठराव आमच्याकडे एकमताने मंजूर झाला होता, आणि घरी जाताना सगळ्यांना खरंच बरं वाटत होतं.

मंडळ म्हणजे मुळात तळोज्याच्या एका बंद पडलेल्या कारखान्याची युनियन. कारखान्याला टाळं लागलं, यंत्रं भंगारात कळंबोलीला गेली, पण रविवार दुपारची मीटिंग काही बंद होईना. या माणसांना समोरासमोर बसून काहीतरी मंजूर किंवा नामंजूर करायची सवय होती, आणि आता मंजूर-नामंजूर करण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझे बाबा युनियनचे सेक्रेटरी. डीव्हीडी स्वस्त झाल्या तेव्हा सिनेमे दाखवायची कल्पना त्यांनीच काढली. त्यावर ठराव करायची पद्धतही त्यांचीच. सिनेमांमुळे कारखान्याबाहेरचे लोकही येऊ लागले.

मी पत्रकांवर वाढले. घरात गुलाबी कागदाचे गठ्ठे असायचे, कारण गुलाबी कागद स्वस्त पडायचा. 'नारळ' हा शब्द वाचायच्या आधी मी 'निषेध' वाचला. शाळेच्या निबंधात 'माझी आई' या विषयावर मी शेवटी तीन मागण्या लिहिल्या होत्या. कॉलेजात गेल्यावर पत्रकं मीच लिहायला लागले आणि बाबा फक्त प्रूफ बघायचे. मला त्याचा अभिमान होता, अजूनही आहे. ज्याची लाज वाटायची ते वेगळं होतं. लिहिलेली पत्रकं वाटायला बाबा एसटी स्टँडवर जायचे. नुसती वाटायचे नाहीत. बाकावर उभे राहून खड्या आवाजात सुरू करायचे, "तमाम बंधू-भगिनींनो!" पेणच्या गाडीची वाट बघणारे बंधू-भगिनी मोबाईलमध्ये बघत राहायचे. मी बरोबर असले तर पहिल्या 'तमाम'लाच उसाच्या रसाच्या दुकानामागे जायचे आणि तिथून गाड्यांचा फलक वाचल्यासारखं करायचे. फलकावर काय लिहिलंय ते मला पाठ होतं. माझेच शब्द ते मोठ्याने म्हणत असायचे, आणि मी चोथ्याच्या टोपल्याशेजारी उभी असायचे.

तर त्या वर्षी मंडळात स्पॅनिश दिग्दर्शक आला. म्हणजे त्याचे सिनेमे आले, आणि तो स्पेनचाही नव्हे, समुद्रापलीकडच्या एका स्पॅनिश बोलणाऱ्या देशाचा. त्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही वाचायच्या आधीच त्याच्या बाजूने किंवा विरोधात उभे राहाल, आणि तो आमच्या मंडळाचा रोग आहे. युरोपात त्याला बक्षिसांवर बक्षिसं मिळत होती एवढं सांगते.

त्याला आणलं द्रोणागिरीच्या गोदामात काम करणाऱ्या एका तरुणाने. तिकडच्या देशांतून माल यायचा, त्याची कागदपत्रं वाचायला तो स्पॅनिश शिकला होता, आणि शिकता शिकता या दिग्दर्शकाच्या प्रेमात पडला होता. आम्ही त्याला स्पॅनिशवाला म्हणायचो. सिनेमा चालू असताना तो पडद्याशेजारी खुर्ची टाकून बसायचा आणि संवाद मराठीत म्हणत राहायचा, कारण खालची इंग्रजी अक्षरं मंडळातल्या निम्म्या लोकांना वाचता यायची नाहीत आणि उरलेल्यांना चष्म्यातूनही दिसायची नाहीत.

सिनेमे यायच्या आधीच मी पत्रक लिहिलं: 'जनतेच्या बाजूचा कॅमेरा'. मी त्याचा एकही सिनेमा पाहिला नव्हता. स्पॅनिशवाल्याने सांगितलं होतं की याच्या सिनेमात गरीब माणसं असतात. तेवढं मला पुरलं. आमच्याकडे भूमिका आधी ठरते.

पहिल्या सिनेमात एक बाई गच्चीवर कपडे वाळत घालते. दोरी तुटते, ती नवी बांधते, पुन्हा घालते. बाकी काही नाही. दिवे लागले तेव्हा सगळे एकमेकांकडे बघत होते.

"सुकले का शेवटी?" उलव्याच्या शेठनी विचारलं. शेठची भातशेती आणि मिठागर सरकारने घेतलं होतं, आता ते रेती-सिमेंटचे व्यापारी होते, आणि त्यांच्या ऑफिसच्या वरच्या हॉलमध्येच आमचं मंडळ भरायचं. "नाय, आमी एवढा वेल बसलो, तर सांगा. सुकले का नाय?"

"शेठ, कपडे सुकणं हा मुद्दा नाहीये," स्पॅनिशवाला म्हणाला.

"मंग दोरी कशाला बांधली?"

खांदा कॉलनीतून दोन इंजिनियर यायचे, ते म्हणाले की फ्रेमिंग अफाट आहे. आमचे अध्यक्ष म्हणजे इमारती लाकडाचे जुने व्यापारी, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. ते शांतपणे म्हणाले, "तसवीर खूबसूरत होती. मला झोपही छान लागली. दोन्ही गोष्टींसाठी मी त्या साहेबांचा शुक्रगुजार आहे." बाबांनी मात्र ठराव मांडला की घरकामाच्या अदृश्य श्रमांना पडद्यावर आणल्याबद्दल हे मंडळ दिग्दर्शकाचं अभिनंदन करते. मी अनुमोदन दिलं. तो मंजूर झाला. शेठ तटस्थ राहू म्हणत होते, पण आमच्याकडे तटस्थ राहायला परवानगी नव्हती. तटस्थ माणूस मालकाचा असतो, असं बाबांचं मत.

मग दुसरा सिनेमा आला.

एक छोटं गाव. गावात पूर्वी रेल्वे यायची, ती सरकारने बंद केली. एक म्हातारा, रेल्वेतला जुना कामगार, दर रविवारी चौकातल्या बाकावर चढतो आणि हातातल्या कर्ण्यातून भाषण करतो की गाडी परत सुरू करा. चौकात कोणी नसतं. कबुतरं असतात. समोर एक औषधांचं दुकान आहे, तिथे त्याची मुलगी काम करते. बाप बाकावर चढला की ती दुकानाचं शटर अर्धं ओढून घेते. कॅमेरा हलत नाही. एका बाजूला कर्णा, दुसऱ्या बाजूला अर्धं शटर, आणि शटरखाली तिचे पाय. निळ्या सपाता. बाप बोलतो आहे आणि ते पाय तिथेच उभे आहेत. आत जात नाहीत, बाहेर येत नाहीत.

स्पॅनिशवाला त्या म्हाताऱ्याचं भाषण मराठीत म्हणायला लागला. ते चांगलं व्हावं म्हणून त्याने जीव ओतला होता. त्यामुळे ते आमच्या पत्रकांसारखंच झालं. "बंधूंनो आणि भगिनींनो, आज आपल्यासमोर प्रश्न उभा आहे..." एक कबूतर म्हाताऱ्याच्या बुटाजवळ आलं, त्याने बोलता बोलता पाय बाजूला घेतला आणि पुढचं वाक्य त्या कबुतराकडे बघून म्हटलं.

हॉलमध्ये हशा पिकला. खरा, पोटातून आलेला हशा. शेठ मांडीवर थाप मारून म्हणाले, "अरे, ये तं आपले—"

आणि थांबले.

त्या थांबण्यामुळे सगळ्यांना कळलं. अंधारात माना वळल्याचं मला ऐकू आलं, मान वळल्याचा आवाज नसतो तरी. बाबा माझ्या शेजारी बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मी पडद्यावरच्या निळ्या सपातांकडे बघत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्याची मला भयंकर चीड आली. मी अशी रडणारी मुलगी नाही. मोर्चात लाठी बसली तेव्हा मी घोषणा देत होते. आणि इथे एक परका माणूस, ज्याला माझं नाव माहीत नाही, त्याने रसाच्या दुकानामागचं ते टोपलं शोधून काढलं होतं.

सिनेमाच्या शेवटी गाडी येत नाही. म्हातारा बाकावरून उतरतो, मुलगी शटर वर करते, आणि ते दोघं एकमेकांशी बटाट्यांबद्दल बोलतात. संपलं.

दिवे लागले. खिडक्या उघडल्या. हायवेवरून ट्रेलरचे भोंगे आत आले. मी ओढणीने तोंड पुसून घेतलं.

"फ्रेमिंग..." एक इंजिनियर म्हणाला.

"आज मला झोप नाही आली," चाचा म्हणाले. "पण किस्सा अधुरा राहिला. ट्रेन यायला पाहिजे होती. एवढा तो बोलला बिचारा."

"आली असती तर खोटं झालं असतं, चाचा," स्पॅनिशवाला म्हणाला. "हाच तर तो माणूस आहे. तो खोटं बोलत नाही."

शेठ खाली बघत होते. "मी काय बोलत नाय," ते म्हणाले. "मला तो म्हातारा आवडला. मी हसलो, पन मला आवडला तो. आमच्या ग्रामसभेत पन असाच एक होता. तो मेला तवा समजलं का तो बरोबर बोलत होता."

बाबा उठले. त्यांनी खिशातून कागद काढला नाही, ठराव त्यांना कधी लिहून घ्यावा लागत नसे. चष्मा काढून हातात धरला आणि बोलायला सुरुवात केली.

"सदर चित्रपटात एका निष्ठावान कामगाराची कुचेष्टा केलेली आहे. तो ज्या मागणीसाठी उभा आहे ती रास्त असताना त्याला एकटा, हास्यास्पद आणि खुळा दाखवलेला आहे. त्याच्यामागे एकही माणूस उभा केलेला नाही. हे मंडळ या चित्रपटाचा आणि दिग्दर्शकाचा निषेध करते, आणि त्याने जाहीर माफी मागावी अशी मागणी करते."

आवाज नेहमीचाच होता, स्टँडवरचा. पण मला त्यांच्या गळ्याची शीर दिसत होती.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"अनुमोदन?" चाचांनी विचारलं.

पंखा फिरत होता. बाबा उभे होते. इतक्या वर्षांत त्यांचा एकही ठराव अनुमोदनावाचून पडला नव्हता. कारखान्याच्या गेटवर, पोलिसांच्या गाड्या उभ्या असताना मांडलेल्या ठरावालासुद्धा मागून दहा आवाज आले होते. अनुमोदक मिळाला नाही तर ठराव मतालाही जात नाही, तो मांडलाच नव्हता असं धरतात. हे मला त्यांनीच शिकवलं होतं, मी फ्रॉकमध्ये होते तेव्हा. तो खोलीतल्या सगळ्यांना माहीत असलेला नियम होता, आणि सगळे आपापल्या गुडघ्यांकडे बघत होते. त्यांना बाबांविरुद्ध काही म्हणायचं नव्हतं. त्यांना सिनेमा आवडला होता, एवढंच. आणि सिनेमा आवडला असं म्हणणं म्हणजे बाबांच्या तोंडावर हसणं, असं आता होऊन बसलं होतं.

"दुसऱ्यांदा विचारतो," चाचा हळू म्हणाले. "अनुमोदन कोणाचं?" आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बेटा?"

मला त्या क्षणी बाबांची इतकी लाज वाटली की जमीन दुभंगावी. कशाला मांडला हा ठराव? समुद्रापलीकडे बसलेल्या माणसाने माफी मागावी म्हणताय, आणि तो कोण हेही धड ठाऊक नाही. गप्प बसला असतात तर लोक विसरले असते. तुम्हीच उठून सांगितलंत की तो म्हातारा तुम्ही आहात. आणि मग मला माझीच लाज वाटली, कारण मी हे सगळं खाली मान घालून, अर्ध्या शटरमागून म्हणत होते.

मी उठले. "अनुमोदन देते," मी म्हणाले. "चर्चेसाठी."

अनुमोदन म्हणजे सहमती नव्हे, विषय बोलण्याजोगा आहे एवढंच त्यातून ठरतं, हेही त्यांचंच शिकवणं. बाबांनी चष्मा लावला आणि खाली बसले.

"बाजूने बोलणार की विरोधात?" चाचांनी विचारलं.

"विरोधात."

मी भाषणं पुष्कळ केली आहेत. ते सर्वांत वाईट होतं. मी म्हणाले की माझं पत्रक चुकीचं होतं, कॅमेरा जनतेच्या बाजूचा नाही. तो कोणाच्याच बाजूचा नाही, तो नुसता बघतो, आणि मला ते सहन होत नाही. मी म्हणाले की यात लढा कुठे आहे असं विचारायला मला आवडलं असतं. मग माझे शब्द संपले. माझ्याकडे जे शब्द होते ते सगळे गुलाबी कागदावरचे होते.

"ती मुलगी शटर ओढते," मी म्हणाले. "तिला बापाची लाज वाटते. मलाही वाटते. स्टँडवर. दर वेळी."

स्पॅनिशवाला आपल्या पेनचं टोपण लावत आणि काढत होता.

बाबा बसल्या जागेवरून म्हणाले, "वक्त्यांनी विषयाला धरून बोलावं."

"मी विषयालाच धरून बोलते आहे," मी म्हणाले. "मला हा सिनेमा आवडला. आवडला याची लाज वाटते, पण आवडला." आणि बसले.

ठराव मताला टाकला. बाजूने एक हात वर झाला, बाबांचा. तो त्यांनी सरळ, कोपर न वाकवता वर धरला, जसा नेहमी धरत.

"विरोधात?"

विरोधातले हात मोजायचं काम आमच्याकडे ठराव मांडणाऱ्यानेच करायचं असे. म्हणजे नंतर कोणी मोजणीवर शंका घेऊ नये. ही पद्धतही बाबांनीच घातलेली. हात एकेक करून, खांद्याच्या वर न जाता, चोरून वर झाले. शेठनी तर नुसती बोटं उचलली होती. बाबा उभे राहिले आणि तर्जनी हवेत टेकवत मोजायला लागले. "हात नीट वर करा," ते म्हणाले. "दिसत नाहीत." सगळ्यांनी नीट वर केले. मोजत मोजत ते शेवटी माझ्यापाशी आले. बोट थांबलं. मला वाटलं ते मला वगळतील, आणि वगळावं असं मला फार वाटत होतं. त्यांनी मला मोजलं, आकडा मोठ्याने सांगितला आणि म्हणाले, "ठराव नामंजूर."

मग चहा आला. शेठ स्वतः कप घेऊन बाबांपाशी गेले. "भाऊ, रागावलाव का?"

"नामंजूर म्हणजे नामंजूर," बाबा म्हणाले. "राग कसला त्यात?" आणि त्यांनी चहा घेतला, पण बशीत ओतायला विसरले आणि जीभ भाजून घेतली.

घरी आम्ही तळ्याच्या कडेने चालत गेलो. मी माफी मागायला तोंड उघडत होते, पण कशाची मागायची ते ठरत नव्हतं. लाज वाटण्याची, की ती चारचौघांत सांगण्याची, की आधी कधीच न सांगण्याची?

"कबुतरं एवढा वेळ थांबत नाहीत," ते अचानक म्हणाले. "दाणे टाकले असणार त्याने. तेवढं खोटं होतं."

"हो," मी म्हणाले.

"बाकीचं..." ते म्हणाले, आणि पुढे एक रिक्षा आली म्हणून आम्ही कडेला झालो. रिक्षा गेल्यावर त्यांनी ते वाक्य पुरं केलं नाही. दुसरंच विचारलं. "त्या पोरीने शटर पूर्ण का नाही ओढलं?"

मला उत्तर माहीत होतं. रसाच्या दुकानामागे उभी राहून मी त्यांचं एकही भाषण चुकवलेलं नाही. चरकाच्या आवाजातही मी प्रत्येक वाक्य ऐकायचे, कुठे श्वास घेतात, कुठे माझा शब्द बदलून स्वतःचा घालतात, सगळं. इतकंच सांगायचं होतं.

"गिऱ्हाईक यायला हवं ना आत," मी म्हणाले.

"हां," बाबा म्हणाले. "धंदा आहे शेवटी."

दुसऱ्या दिवशी विमानतळासाठी घेतलेल्या जमिनींबद्दलचं पत्रक वाटायचं होतं. सकाळी ते गठ्ठा घेऊन निघाले तेव्हा त्यांनी मला बोलावलं नाही. मी चपला घातल्या आणि मागोमाग गेले. स्टँडवर त्यांनी बाकावर चढण्याआधी एकदा रसाच्या दुकानाकडे पाहिलं, नकळत पाहिलं असेल. त्यांना ती जागा माहीत होती. किती वर्षांपासून, ते मी विचारलं नाही. मी गठ्ठ्याची सुतळी तोडली आणि अर्धी पत्रकं हातात घेऊन बाकाशेजारी उभी राहिले.

"तमाम बंधू-भगिनींनो!"

पेणच्या गाडीच्या रांगेत माझ्याबरोबर शिकलेली एक मुलगी होती, नवऱ्याबरोबर. तिने मला ओळखलं. मी हात पुढे केला, तिने पत्रक घेतलं आणि न वाचता पर्समध्ये ठेवलं. नवऱ्याने तिला हळूच काहीतरी विचारलं, आणि ती हसू दाबत दुसरीकडे बघायला लागली. माझे कान तापले. उघड्यावर उभं राहिल्यावर ती लाज जाईल असं मला रात्री वाटलं होतं. ती गेली नाही. वर बाबा बोलत होते, माझं वाक्य बदलून स्वतःचं घालत होते, आणि मी पुढच्या माणसाकडे हात करत, मान न उचलता, रांगेतल्या लोकांचे पाय बघत पुढे सरकत होते.